धाप लागते, तरी चालायचे

जिना चढताना धाप लागली की तीन कारणे ठरलेली असतात : वय झाले, वजन वाढले, नाहीतर हवा बदलली. वसई गावात होळी, पारनाका, रमेदी, तामतलाव अशा कुठल्याही आळीत विचारा, उत्तर यापैकीच एक मिळते. मग माणूस हळूहळू आपले जगणे त्या धापेच्या मापाने कापून घेतो. होळी बाजारातून दोन थैल्या भाजी आणायची ती एक होते. पुढे भाजी मुलगा आणतो. वसई रोड स्टेशनचा पूल चढायला नको म्हणून मुंबईची लग्ने टळतात. घरच्यांना वाटते, बाबा आता शांत झाले. बाबा शांत झालेले नसतात, त्यांना दम पुरत नसतो.

चौथे कारण डॉक्टरकडे जाईपर्यंत कोणी उच्चारत नाही, आणि जाईपर्यंत बरीच वर्षे गेलेली असतात. त्याचे नाव सीओपीडी. लोकांच्या तोंडी अजून सगळ्यालाच ‘दमा’ म्हणतात. पण दमा आणि सीओपीडी ही दोन वेगळी दुखणी आहेत. दम्यात श्वासनळ्या आवळतात आणि औषधाने पुन्हा बऱ्याचशा मोकळ्या होतात. रोगी दोन झटक्यांच्या मधल्या काळात ठणठणीत असू शकतो. सीओपीडीत अडथळा कायमचा बसतो. लहान श्वासनळ्या सुजून जाड होतात, कफ साठतो आणि टोकाचे वायुकोश फाटून एकमेकांत मिसळतात. निरोगी फुप्फुसांत असे कित्येक कोटी वायुकोश असतात, आणि त्यांच्या भिंतींचा ताण लहान नळ्यांना उघडे धरून ठेवतो. त्या भिंतीच गेल्या की फुप्फुस जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखे सैल पडते. आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. म्हणून या रोग्याची खरी अडचण श्वास घेण्याची नसून सोडण्याची असते. छाती आधीच भरलेली, त्यात नवी हवा मावणार कुठे?

हे दुखणे किती पसरले आहे, याचा अंदाज राज्यवार आजारभाराच्या अभ्यासातून आला. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या आकडेवारीनुसार १९९० मध्ये भारतात सीओपीडीचे २ कोटी ८१ लाख रोगी होते. २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाख झाले. लोकसंख्या आणि सरासरी वय वाढल्याचा त्यात मोठा वाटा आहे. तरी जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के असताना दीर्घकालीन श्वसनरोगांच्या एकूण भारातला वाटा ३२ टक्के निघतो. हा फरक केवळ वयाने भरून निघत नाही.

त्याआधी, १ फेब्रुवारी २०११ रोजी, पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने एक वेगळाच प्रयोग केला होता. देशभरातल्या ८८० शहरांत आणि गावांत ७,४०० डॉक्टरांनी त्या एका दिवशी आपल्या दवाखान्यात आलेल्या प्रत्येक रोग्याची तक्रार लिहून काढली. २ लाख ४ हजार ९१२ रोग्यांची नोंद झाली, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांची काही ना काही तक्रार श्वसनाची होती. म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर बसलेला दर दुसरा माणूस.

‘पण आमच्याकडे कोणी विडी ओढत नाही,’ हे वाक्य यानंतर हमखास येते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली लॅन्सेटमध्ये याच समजुतीला हात घातला. त्यांच्या मांडणीनुसार जगातल्या सीओपीडीच्या रोग्यांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेले नसते. त्यांच्या छातीत गेला तो दुसराच धूर, किंवा धूळ.

तो कुठून येतो हे वसईकरांना समजावून सांगायची गरज नाही. शहर वाढले, नळ आणि गॅस आले, तरी पूर्वेच्या पाड्यांवर पाणी तापवायला चूल पेटतेच. आज साठीत असलेल्या बायकांनी लग्नानंतरची पंचवीस-तीस वर्षे चुलीपुढे काढली आहेत. उज्ज्वला योजना आली २०१६ साली. त्याआधीचा धूर त्यांच्या छातीत जमा आहे, तो सिलिंडरने निघत नाही. पावसाआधी भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. मिठागरे आणि तिवरांच्या कडेला डासांना तोटा नाही, म्हणून खिडक्या लावून रात्रभर कॉइल जळते. मलेशिया आणि चीनमधल्या कॉइल तपासून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात. विडी न ओढणाऱ्या घरात, लहान मुलांच्या उशाशी. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी. पण ती लावायचा कंटाळा असतो, आणि कॉइल पाच रुपयांची.

याखेरीज दगडखाणी, खडी फोडणारे क्रशर, वालीव-सातिवलीचे कारखाने, महामार्गाची धूळ. खाणीतली सिलिका वायुकोशांत रुतून बसते आणि काम सुटल्यावरही दुखणे पुढे सरकत राहते. शिवाय क्षयरोग. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. औषधांचा कोर्स पुरा झाला, थुंकीत जंतू नाहीत, कार्डावर ‘बरा झाला’ असा शेरा पडला, आणि माणूस तरीही धापा टाकतो, कारण जंतू गेले तरी फुप्फुसावरचे व्रण राहिले. या माणसाला पुन्हा पुन्हा टीबीचीच औषधे मिळाल्याची उदाहरणे छातीच्या डॉक्टरांना नवीन नाहीत.

आणि कबुतरे. मुंबईत २०२५ च्या पावसाळ्यात कबुतरखान्यांवरून जो वाद पेटला, त्यात श्रद्धेची बाजू सगळ्यांनी ऐकली, फुप्फुसाची कमी जणांनी. पक्ष्यांची विष्ठा आणि पिसांची धूळ, तसेच कूलरमधली बुरशी यांनी काहींच्या फुप्फुसाला ॲलर्जीची सूज येते आणि ती कालांतराने कडक व्रणात बदलते. हा सीओपीडी नव्हे, वेगळ्या जातीचा आजार आहे. फुप्फुसात सूज किंवा व्रण असलेल्या भारतातल्या १,०८४ रोग्यांच्या नोंदवहीत, जी २०१७ साली प्रसिद्ध झाली, जवळजवळ निम्म्या म्हणजे ४७ टक्के रोग्यांना ही ॲलर्जीची सूज निघाली. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण बरेच कमी असते. खिडकीतले घरटे काढल्यावर खोकला कमी झाला, असे कोणी म्हणत असेल तर त्यात तथ्य असू शकते.

आता निदानाकडे. रक्तदाब मोजल्याशिवाय कोणी रक्तदाबाची गोळी देत नाही, साखर तपासल्याशिवाय मधुमेहाची नाही. धापेचे औषध मात्र छातीला नळी लावून, अंदाजाने, वर्षानुवर्षे दिले जाते. मोजायचे यंत्र नवीन आहे म्हणावे तर तेही नाही. लंडनच्या जॉन हचिन्सनने १८४६ साली स्पायरोमीटर लोकांपुढे मांडला आणि दोन हजारांवर माणसांना त्यात फुंकायला लावले : खलाशी, पहिलवान, पोलीस, उमराव, सगळे. आज ते यंत्र हातात मावते. पूर्ण श्वास भरायचा आणि जोर लावून सगळा बाहेर टाकायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती, यांचे प्रमाण पाहतात. श्वासनळ्या मोकळ्या करणारे औषध दिल्यानंतरही ते ०.७ च्या खाली राहिले, तर नळ्यांत कायमचा अडथळा आहे. पंधरा-वीस मिनिटांची तपासणी, सुई नाही, उपाशीपोटी जायचे नाही. एक्स-रे स्वच्छ आहे म्हणजे फुप्फुस ठीक आहे, हा समज या तपासणीपुढे टिकत नाही. सुरुवातीच्या सीओपीडीत एक्स-रे अगदी साधा दिसू शकतो.

कागद हातात आला की रोगी एकच प्रश्न विचारतो : हे बरे होणार का? इथे डॉक्टर दोन प्रकारे चुकतात. काही जण ‘होईल, होईल’ म्हणतात. काही जण ‘आता काही होत नाही’ म्हणून मोकळे होतात. दुसऱ्या उत्तराने जास्त नुकसान होते, असे या लेखकाला वाटते. कारण ते ऐकून माणूस खाटेवर बसतो, आणि खाट हीच या आजारात सगळ्यात वाईट जागा आहे.

खरे उत्तर जरा लांबलचक आहे. फाटलेले वायुकोश परत येत नाहीत. पण पुढची घसरण थोपवता येते, आणि उरलेल्या फुप्फुसात आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त जगता येते. पहिल्या अर्ध्याचा पुरावा जुना आहे. इंग्लंडच्या फ्लेचर आणि पेटो यांनी १९७७ साली दाखवले, की विडी-सिगारेट सोडल्यावर गेलेली ताकद फारशी भरून येत नसली तरी घसरणीचा वेग न ओढणाऱ्या माणसाइतका खाली येतो. पुढे अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या पाहणीने रोग्यांचा अकरा वर्षे पाठपुरावा केला. ओढत राहिलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदाची हवा वर्षाला सरासरी ६६ मिलिलिटरने घटत होती, सोडलेल्यांची ३० ने. दहा वर्षांत हा फरक साडेतीनशे मिलिलिटरच्या पुढे जातो. ज्याच्याकडे मुळात एक-दीड लिटर उरली आहे त्याच्यासाठी तो अंघोळ स्वतः करणे आणि दुसऱ्याने घालणे यांतला फरक असू शकतो.

२०२० च्या जानेवारीत नेचरमध्ये एक सुखद बातमी आली. इंग्लंडमधल्या संशोधकांनी १६ माणसांच्या श्वासनळीच्या अस्तरातल्या पेशी एकेक करून तपासल्या. सिगारेट सोडलेल्यांमध्ये धुराने न बिघडलेल्या, निरोगी जनुकांच्या पेशी, अजून ओढणाऱ्यांच्या चौपट निघाल्या. कुठेतरी दडून राहिलेल्या चांगल्या पेशी पुढे येऊन अस्तर नव्याने भरत असाव्यात, असा त्यांचा तर्क आहे. हा दिलासा मुख्यतः कर्करोगाच्या धोक्याबाबतचा आहे, वायुकोश जुळण्याचा नाही. तरी ‘आता सोडून काय उपयोग’ म्हणणाऱ्या सत्तरीतल्या माणसासमोर ठेवायला तो पुरेसा आहे.

औषधांची गोष्ट मराठी माणसाने जरा मागून ऐकावी. गोपाळ गणेश आगरकरांना दम्याने ग्रासले होते. १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, १८८८ मध्ये ‘सुधारक’, १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद. आणि १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मृत्यू. एवढे लिखाण, एवढी भांडणे, एवढे तास शिकवणे त्यांनी आवळलेल्या छातीने केले. त्यांच्या काळात दमेकऱ्याला काय मिळत होते? धोतऱ्याचा धूर. आपल्याकडच्या वैद्यांचा हा जुना उपाय. मद्रासमधल्या इंग्रज डॉक्टरांनी तो पाहिला आणि १८०२ च्या सुमारास इंग्लंड-स्कॉटलंडकडे पाठवला. एकोणिसाव्या शतकात युरोपभर धोतऱ्याच्या ‘दमा सिगारेटी’ विकल्या जाऊ लागल्या. श्वास लागणाऱ्याने धूर ओढायचा, हा विरोधाभास त्यातलाच. पण उपाय अगदीच खोटा नव्हता. धोतऱ्यात ॲट्रोपीनच्या जातीची द्रव्ये असतात, ती श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू सैल करतात. त्याच वेळी डोके भ्रमिष्ट करतात आणि मात्रा चुकली तर जीव घेतात, म्हणून घरी हा प्रयोग कोणी करू नये.

त्याच घराण्यातली सुधारलेली औषधे, इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम, आज पंपातून मिळतात. रक्तात फार न उतरता ती नळ्यांतच काम करतात. पंपाचा जन्मही मजेदार आहे. अमेरिकेत एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले, की केसांवर मारायच्या हेअरस्प्रेसारखे माझे औषध का मिळत नाही? १९५६ मध्ये तसा फवारा बाजारात आला. आगरकर गेल्याला तेव्हा साठ वर्षे उलटली होती.

आणि आता पंप गल्लोगल्ली मिळत असताना लोक तो लपवतात. मुलीचे लग्न जमेपर्यंत पंप कपाटात, पाहुणे आले की उशीखाली. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य तर आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. यावर एक साधे गणित पुरते. सॅल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. तेच औषध गोळीतून घेतले तर एका गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतके, आणि ते पोटातून रक्तात, रक्तातून हृदयापर्यंत जाऊन हात थरथरवत मग फुप्फुसात पोचते. सौम्य वाटणारी गोळीच खरी जड. तिच्याहून घातक म्हणजे कुठल्याशा गावाहून येणारी ‘दम्याची पुडी’. तिने तीन दिवसांत आराम पडतो, कारण अशा पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड घोटलेले असते. वर्षभराने हाडे ठिसूळ, साखर वाढलेली आणि चेहरा सुजलेला. मृग नक्षत्रावर दम्यासाठी हैदराबादला जिवंत मासा गिळायला जाणारे लोक निदान वर्षातून एकदाच जातात.

पंप चुकीचा घेणारे मात्र डॉक्टरांकडे जाऊनही पुष्कळ असतात. फवारा दाबायचा आधी आणि श्वास ओढायचा नंतर, किंवा घाईत ओढायचा, की औषध घशाला लागून तिथेच राहते. आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग फवारा दाबत सावकाश, खोल ओढायचा, आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. हाताची आणि श्वासाची जुळणी न जमणाऱ्यांसाठी स्पेसर नावाचे प्लास्टिकचे नळकांडे मिळते. म्हाताऱ्या माणसाला ते द्यावेच. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. हे सगळे दाखवायला पाच मिनिटे लागतात, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच मिळत नाहीत. म्हणून दर भेटीत पंप बरोबर नेऊन ‘बघा, मी असा घेतो’ असे डॉक्टरांसमोर करून दाखवावे.

औषधाइतकाच, काही बाबतींत त्याहून मोठा परिणाम चालण्याचा होतो, आणि त्याची चिठ्ठी फार कमी जणांना मिळते. धाप लागते म्हणून माणूस हालचाल कमी करतो. हालचाल थांबली की मांड्यांचे स्नायू झिजतात. झिजलेल्या स्नायूंना त्याच कामासाठी जास्त प्राणवायू लागतो, मग आणखी लवकर धाप लागते. हे चक्र उलटे फिरवण्याच्या पद्धतशीर कार्यक्रमाला पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात : आठवड्यातून दोन-तीन दिवस, साधारण आठ ते बारा आठवडे, देखरेखीखाली चालणे, पायांचे आणि हातांचे व्यायाम, श्वासाचे तंत्र, आहार आणि मनाची उमेद. २०१५ मध्ये ६५ चाचण्यांचा, ३,८२२ रोग्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. सहा मिनिटांत चालून होणारे अंतर सरासरी ४४ मीटरने वाढले, धाप कमी झाली, थकवा कमी झाला. फुंकायच्या यंत्रावरचा आकडा मात्र जवळपास तिथेच राहतो. फुप्फुस तेच, माणूस वेगळा.

चव्वेचाळीस मीटर म्हणजे काय मोठेसे, असे धडधाकट माणसाला वाटेल. ज्याला संडासापर्यंत जाताना मध्ये भिंत धरावी लागते, त्याला विचारावे. अमेरिकेतल्या आणखी एका मोठ्या नोंदीत, जी २०२० मध्ये आली, आजार बळावून रुग्णालयात जाऊन आलेल्यांपैकी ज्यांनी नव्वद दिवसांच्या आत असा कार्यक्रम सुरू केला, त्यांच्यात वर्षभरातले मृत्यू कमी दिसले. ही औषधाची कमाई असती तर तिच्या जाहिराती लोकलच्या डब्याडब्यांत लागल्या असत्या.

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत असे वर्ग चालतात. अंधेरीपलीकडे आठवड्यातून तीनदा विरार लोकलने जा-ये करणे मात्र धाप लागणाऱ्याला झेपणारे नाही. म्हणून पहिली तपासणी आणि शिकवणी फिजिओथेरपिस्टकडे घेऊन बाकीचे घराजवळ करणे हाच व्यवहार. वसईला त्यासाठी जमीन सपाट मिळाली आहे, हे तिचे भाग्य. सुरुचीच्या बाजूचा किनारा, किल्ल्यातल्या झाडांखालच्या वाटा, भुईगावची बाजू. बसायला मध्ये मध्ये कट्टा असला की झाले. थंडीत पहाटेचे धुके जमिनीलगत धूर धरून ठेवते, तेव्हा ऊन वर आल्यावर निघावे. चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढी धाप चालते, ती पाहिजेच. विरारला जीवदानीच्या तेराशेहून जास्त पायऱ्या पाहून कोणी नवस बोलला असेल तर तो सध्या यंत्राच्या गाडीने फेडावा, देवी रागावणार नाही.

धाप चढली की काय करायचे हेही शिकण्याजोगे आहे. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, गरम चहा फुंकल्यागत, दुप्पट वेळ लावून सोडायचा. बाहेर जाणाऱ्या हवेला थोडा दाब मिळाल्याने सैल नळ्या मिटत नाहीत, आणि छातीत अडकलेली हवा बाहेर पडते. उभे असाल तर गुडघ्यांवर किंवा ओट्यावर हात टेकून पुढे वाकायचे. अंघोळ स्टुलावर बसून. पोटभर जेवण तीनदा घेण्याऐवजी थोडे थोडे पाचदा, कारण भरलेले पोट छाती-पोटामधल्या पडद्याला वर ढकलते. वजन उतरत चालले असेल तर ती आनंदाची बातमी नाही. अंडी, मासे, डाळ, शेंगदाणे वाढवावेत. आणि रोगी चिडचिडा झाला, बोलेनासा झाला, रात्री घाबरून उठू लागला, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. श्वास न पुरण्याची भीती मनाला पोखरते आणि तिच्यावरही उपचार आहेत.

पुढच्या टप्प्यावर काहींना घरी प्राणवायू लागतो. तो धाप लागल्यावर चाटवायचे औषध नव्हे. १९८० आणि १९८१ मधल्या दोन चाचण्यांनी, एक अमेरिकेतली आणि एक ब्रिटनमधली, दाखवले, की विश्रांतीतही रक्तातला प्राणवायू फार खाली, म्हणजे साधारण ८८ टक्क्यांवर किंवा त्याखाली राहणाऱ्यांनी दिवसाचे किमान पंधरा तास तो घेतला तर आयुष्य वाढते. चार-पाच तास घेऊन तो फायदा मिळत नाही. ज्यांची पातळी त्याहून वर आहे त्यांना नळी लावून काही मिळत नाही, आणि मनाने जास्त लिटर लावले तर काही रोग्यांत कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. किती लिटर, किती तास, हे लिहून घ्यावे.

कॉन्सन्ट्रेटर नावाचे यंत्र खोलीतल्या हवेतून प्राणवायू गाळते. पाच लिटरचे यंत्र साधारण तीनशे ते साडेतीनशे वॅट वीज खाते. बिल येते ते येते, पण वीज गेली की काय? जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात बुडाले, तेव्हा लाखभर घरांत अंधार होता. यंत्र असलेल्या घरी भरलेला सिलिंडर राखीव हवा, आणि त्याच खोलीत गॅस, उदबत्ती, समई किंवा विडी काही नको. प्राणवायूच्या नळीजवळ ठिणगी पडून भाजल्याच्या घटना घडतात.

नव्या फुप्फुसाचे काय, हा प्रश्न आशेचाच. टोरोंटोत १९८३ साली पहिले दीर्घकाळ टिकलेले फुप्फुस-प्रत्यारोपण झाले. आता मुंबईतही ते होते आणि दान आलेल्या अवयवांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत चालते. पण ते सगळ्यांसाठी नाही. खर्च मोठा, दात्यांची वाट मोठी, आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, आणि प्रत्यारोपण झालेल्यांपैकी साधारण निम्मे सहा-सात वर्षांपुढे जातात. निवडक रोग्यांत फुगलेल्या भागात दुर्बिणीने एकमार्गी झडपा बसवून उरलेल्या फुप्फुसाला जागा करून देतात. २०२४ मध्ये अमेरिकेत दोन नव्या औषधांना सीओपीडीसाठी मान्यता मिळाली. त्यांतले ड्युपिलुमॅब हे रक्तात विशिष्ट पेशी वाढलेल्या रोग्यांसाठीचे इंजेक्शन. या वाटा खऱ्या आहेत, अरुंद आहेत.

‘स्टेम सेलने फुप्फुस नवे करून देतो’ ही वाट मात्र खोटी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज स्टेम सेलचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रोग्याकडून पैसे घेत नाहीत. त्यासाठी कोणी शेत विकायला सांगत असेल तर उठून यावे.

वर्षभर बरे चाललेल्या रोग्याची घडी मोडते ती बहुधा एका सर्दीने. आजार असा बळावला की फुप्फुसाची ताकद एक पायरी खाली जाते आणि पुष्कळदा ती पुरती परत येत नाही. म्हणून दरवर्षी फ्लूची लस, आणि न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तशी. कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला, रोजच्यापेक्षा धाप जास्त लागू लागली, यांपैकी दोन गोष्टी एकदम दिसल्या तर दोन दिवस वाट पाहायची नाही. अशा वेळी लागणारा स्टिरॉइडचा कोर्स बहुतेकांना पाच दिवसांचाच पुरतो. स्वित्झर्लंडमधल्या २०१३ च्या चाचणीत पाच दिवस आणि चौदा दिवस यांत फरक दिसला नाही. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवायच्या नसतात. कोणती गोळी केव्हा सुरू करायची, कोणाला फोन करायचा आणि ओठ निळसर पडले, बोलताना वाक्य तुटू लागले किंवा गुंगी आली तर थेट कुठल्या रुग्णालयात न्यायचे, हे डॉक्टरांकडून मराठीत एका कागदावर लिहून घ्यावे आणि फ्रिजच्या दारावर, १०८ या रुग्णवाहिकेच्या नंबरासकट, चिकटवून ठेवावे.